टॅमरिंड लेनमधली चिंच

मुंबईच्या फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कल आणि दलाल स्ट्रीटच्या आसपास ज्यांची रोजची ये-जा आहे, त्यांच्या तोंडी एक नाव हमखास असतं : टॅमरिंड लेन. टॅक्सीवाल्याला तेच सांगायचं, पाकिटावर तेच लिहायचं. पण ‘टॅमरिंड म्हणजे काय हो?’ असं मध्येच कुणी विचारलं, तर कितीजणांना पटकन उत्तर देता येईल? एल्फिन्स्टन, फॉर्ब्स यांच्यासारखाच हाही कुणी गोरा साहेब असावा, असं पुष्कळांना वाटेल. प्रत्यक्षात हा साहेब आपल्याच स्वयंपाकघरात, बरणीत मीठ लावून बसलेला असतो. टॅमरिंड म्हणजे चिंच. टॅमरिंड लेन म्हणजे सरळ सरळ चिंच गल्ली!

मग ही चिंच गेली कुठे?

आज हॉर्निमन सर्कल आहे तिथे पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचं मोकळं मैदान होतं. कापसाच्या गाठी तिथेच येऊन पडत. मैदानाच्या एका अंगाला 1718 साली उघडलेलं सेंट थॉमस चर्च. ज्या चर्चकडे जाणाऱ्या वेशीमुळे चर्चगेट हे नाव पडलं, तेच हे चर्च. त्याच्या आवाराच्या कोपऱ्यावर चिंचेचं एक जुनं, घेरदार झाड होतं. त्याच्या सावलीत लिलाव चालत. चिंचेखाली झोपू नये, तिथे भुतं असतात, असं आपल्याकडची आजी बजावून सांगते. पण व्यापाऱ्यांना भुताची भीती कसली? त्या जागेला गुजराती मंडळी ‘आमली आगळ’ म्हणत. आमली म्हणजे चिंच, आगळ म्हणजे पुढे. ‘चिंचेपुढची जागा’ असा साधा, रोजच्या बोलण्यातला पत्ता. 1846 मध्ये ते झाड तोडण्यात आलं. झाड गेलं, लिलाव थांबले, मैदानाचं सर्कल झालं. जवळच्या गल्लीच्या नावात तेवढी चिंच उरली आणि तीही इंग्रजी पेहरावात.

गंमत अशी, की हा इंग्रजी शब्दही मुळात इंग्रजांचा नाही. अरबी भाषेत खजुराला ‘तम्र’ म्हणतात. हिंदुस्थानातून येणारा चिंचेचा काळसर, चिकट गोळा अरबांना खजुराच्या गोळ्यासारखा दिसला. त्यांनी त्याला नाव दिलं ‘तम्र हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. तोच शब्द लॅटिनमधून फिरत फिरत इंग्रजीत ‘टॅमरिंड’ झाला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 साली झाडाचं शास्त्रीय नाव ठरवलं ‘टॅमरिंडस इंडिका’. नावात हिंदुस्थान एकदा होताच, तो आता दोनदा आला! आणि एवढं करून झाड मूळचं कुठलं? तर आफ्रिकेतलं. तिथून ते इतक्या जुन्या काळी आपल्याकडे आलं, की आपण त्याला पाहुणा समजतच नाही.

याच मुंबईत चिंचेचं दुसरं नाव पाहा : चिंचपोकळी. तिथे इंग्रजांनी नावाचं भाषांतर केलं नाही. स्पेलिंग तेवढं जमेल तसं वेडंवाकडं केलं. म्हणून तिथली चिंच आजही ओळखू येते. आणखी एक योग असा, की चिंचोक्याच्या पिठाची खळ सुताला चढवण्यासाठी कापडगिरण्यांत वापरली जाई आणि चिंचपोकळी तर गिरणगावातच. ‘चिंचोक्याएवढी किंमत’ असं आपण तुच्छतेने म्हणतो. पण चिंचोक्यालाही मोल होतं.

नावातलं झाड ओळखू येईनासं झालं, की लोक त्या नावाला भलतीच गोष्ट चिकटवतात. भेंडी बाजाराचं उदाहरण घ्या. क्रॉफर्ड मार्केटच्या पलीकडचा भाग म्हणून साहेब ‘बिहाइंड द बझार’ म्हणत आणि त्याचं ‘भेंडी बाजार’ झालं, अशी गोष्ट चवीने सांगितली जाते. दुसरं सांगणं असं, की तिथे भेंडीची झाडं होती. ही भाजीची भेंडी नव्हे. पिवळ्या फुलांचा, किनाऱ्यालगत वाढणारा चांगला मोठा वृक्ष. आता तिथे ती झाडं नाहीत, त्यामुळे साहेबाची गोष्टच ऐटीत मिरवते. झाड उभं असतं, तर त्यानेच साक्ष दिली असती.

वडगाव, पिंपळगाव, बोरगाव, आंबेगाव, जांभूळवाडी... महाराष्ट्राच्या नकाशावर एक अख्खं रान नावांच्या रूपाने उभं आहे. आज रस्ता रुंद करताना जुना वड पडतो, संकुल बांधताना चिंच जाते. मग नव्या इमारतीवर ‘बन्यान’, ‘टॅमरिंड’ अशी झोकदार इंग्रजी पाटी लागते. तिथे वाढणाऱ्या मुलाला तो शब्द पाठ असतो. पण झाड दाखवा म्हटलं, तर तो गोंधळतो.

तेव्हा पुढच्या वेळी फोर्टात गेलात, तर मुलांना ती पाटी वाचायला सांगा आणि तिचा अर्थही सांगा. नंतर आपल्या गावाच्या, आळीच्या नावात कुठलं झाड दडलंय, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. ते झाड अजून उभं असेल, तर मुलांना एकदा त्याच्या सावलीत नेऊन आणा.