आधी मुक्कामाची उंची, मग तारखा

ऑक्टोबरच्या हंगामासाठी एव्हरेस्ट बेस कॅम्पची पत्रके आता निघू लागतील. त्यांत रोजचे अंतर आणि चालण्याचे तास ठळक असतात. मुक्कामाची उंची बरेचदा नसते. ट्रेक लीडरांनी आखणी तिथूनच सुरू करावी.

वाटेवर टी-हाउस असल्याने तंबू-शिधा वाहावा लागत नाही, रात्री गादी आणि गरम डाळ-भात मिळतो. म्हणून या ट्रेकला ‘मध्यम’ म्हणतात. विरळ हवा त्या श्रेणीत धरलेली नसते. कळसूबाई १६४६ मीटर, तर विमान उतरते ते लुक्लाच सुमारे २८५० मीटरवर. सह्याद्रीत तयार झालेले पाय इथे उलट घात करतात: दमदार गडी झपाझप चढतो आणि डोकेदुखी लपवतो.

३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून जास्त वाढू नये, हा सर्वमान्य दंडक. फाकडिंग (२६१०) ते नामचे (३४४०) हा टप्पाच ८३० मीटरचा, म्हणून नामचेला दोन रात्री. तेंगबोचे (३८६०) ते दिंगबोचे (४४१०) ५५० मीटर, म्हणून तिथेही दोन. बेस कॅम्पला, ५३६४ मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा असतो. उंचीच्या त्रासावरचे औषध डायमॉक्स घेतले म्हणून या जादा रात्री वाचवता येत नाहीत.

त्या कापल्या जातात त्या लुक्लाच्या धावपट्टीमुळे. ढग उतरले की उड्डाणे थांबतात. एखाददुसरा दिवस जाणे नित्याचेच. कार्यक्रमात राखीव दिवस नसेल, तर परतीचे तिकीट गाठण्यासाठी लीडर दिंगबोचेची दुसरी रात्र सोडतो. ही चूक डोंगरात दिसते, पण घडलेली असते पुण्या-मुंबईत, पत्रक लिहिताना. दोन राखीव दिवस आणि त्यांचा खर्च मूळ शुल्कातच धरा.

आणखी एक: उंचीच्या त्रासाने तोल जाऊ लागलेल्या सदस्याला ताबडतोब, गरज पडल्यास रात्रीही, खाली न्यावे लागते आणि एकट्याला धाडता येत नाही. त्यामुळे एका लीडरवर गट नेऊ नका.

एवढी रजा नसलेल्या ग्राहकासाठी कार्यक्रम आखडू नका. त्याला अन्नपूर्णा बेस कॅम्प (४१३०) सुचवा. मात्र तिथेही देउरालीहून (३२३०) थेट वर न जाता माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला (३७००) एक मुक्काम धरा.