बांधलेले हात सुटले, धसका सुटला नाही

गोळ्या लागू पडल्या की सायकोसिसचा रुग्ण पूर्ववत होतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचं म्हणणं मला अर्धंच पटलं.

माझ्या धाकट्या भावाला तीन वर्षांपूर्वी याच आजारामुळे रुग्णालयात ठेवावं लागलं. भास थांबले, तो कामावरही जातो. पण लोखंडी दार आपटलं की आजही त्याचा हात मनगटावर जातो. तिथेच त्याला पट्ट्यांनी पलंगाला बांधलं होतं. भासात त्याला दिसणारा मारेकरी खोटा होता, पण भावाला वाटलेली भीती खरीच होती.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळदंडाने जखडण्यावर बंदी घातली. तत्काळ धोका टाळायचा दुसरा मार्गच नसेल, तरच मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने त्याला बांधता येतं. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आधीच लेखी नोंदवून ठेवायचा हक्कही कायद्याने दिला आहे.

हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ‘तिथे तुझ्यावर काय गुजरलं?’ असं भावालाही कुणी विचारलं नाही. आम्ही घरच्यांनीसुद्धा नाही. औषधं हवीतच. पण घरी सोडताना औषधांच्या चिठ्ठीइतकाच हा प्रश्नही महत्त्वाचा मानला जावा.

– एक वाचक, सातारा