अंगठ्याचा हिशेब आणि रंध्याची मूठ

आज ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. ठिकठिकाणी सभा होतील, व्हीलचेअर वाटल्या जातील. ते व्हायलाच हवे. पण मुंबईच्या डिलाईल रोडवर उभे राहून या दिवसाचा विचार केला, की आधी एक कायदा आठवतो. या रस्त्याला आज ज्यांचे नाव आहे ते ना. म. जोशी १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि कामावर हात गेला तर मालकाने पैसे मोजले पाहिजेत, हा हक्क गिरणगावाला मिळाला. त्या कायद्याच्या परिशिष्टात पुढे बोटाबोटाचा हिशेब आला. अंगठा गेला, तर कमावण्याची ताकद ३० टक्के गेली असे धरतात. पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के, एका हाताची चारही बोटे गेली तर ५०.

हा हिशेब मिळवायला माणसे झगडली आहेत, त्याचे मोल आम्ही कमी करणार नाही. आजही इमारतींमध्ये फर्निचर करणाऱ्या आणि पोटठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या सुताराला, बोट कटरखाली गेले तर आपण नक्की कोणाचे नोकर हे सिद्ध करता करता नाकीनऊ येतात. पण समजा, भरपाई मिळाली. अंगठ्यासोबत ३० टक्के गेले; उरलेले ७० कशाच्या बळावर कमवायचे? ते हत्याराच्या मुठीवर अवलंबून आहे, आणि तिचा विचार कोणत्याच परिशिष्टात नाही.

रंध्याची मागची मूठ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात बसते. अंगठा नसेल तर जोर दिला की मूठ फिरते, रंधा तिरका होतो आणि पाते लाकडात रुतते. त्याच रंध्याला उभ्या मुठीऐवजी जाड आडवी दांडी बसवली, हाताच्या पाठीवरून चामड्याचा रुंद पट्टा घेतला, तर जोर तळव्यातून आणि मनगटातून जातो. चिमटीची गरजच उरत नाही. एक हात गेलेल्याची अडचण निराळी. त्याला करवत चालवता येते, लाकूड धरता येत नाही. आपले सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड दाबतात; पोलिओने पाय लुळा पडलेला माणूस नेमका तिथेच अडतो. त्याला बसल्या उंचीचा बाक हवा, बाकाला पक्का शिकंजा हवा, आणि व्हीलचेअरवरच्या माणसाचे गुडघे आत जातील इतकी बाकाखाली मोकळी जागा हवी.

कुष्ठरोगाने संवेदना गेलेल्या हातांचे दुखणे हे, की ते दुखत नाहीत. मूठ किती आवळली ते कळत नाही. फोड येतो, फुटतो, चिघळतो, तरी पटाशी चालूच राहते. वेल्लोरचे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड डॉक्टर होण्याआधी बांधकामाचे आणि सुतारकामाचे शिक्षण घेतलेले. शस्त्रक्रियेने वाकडी बोटे सरळ केल्यावर ते रुग्णांना सुतारकाम शिकवत, त्यांचे हात तपासत आणि जखम कोणत्या हत्याराने केली ते शोधून मूठ बदलत. दोष हातात न शोधता हत्यारात शोधायचा, ही त्यांची रीत आम्हाला फार मोलाची वाटते.

हे ज्ञान आणायला वेल्लोरला जायला नको. देशातले ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले विद्यालय १९५० साली इथेच, परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते सुरू करणाऱ्या कमलाबाई निंबकर जन्माने अमेरिकन. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ची. डिलाईल रोड या दोन्हींच्या मधोमध आहे. ऑक्युपेशनल थेरपीत लाकूडकाम जुनेच: दोन्ही हातांनी धरायचा, पॉलिश पेपर लावलेला ठोकळा खांद्याला व्यायाम देतो, पायाने चालवायची करवत गुडघ्याला. पण तिथले लाकूडकाम औषध म्हणून असते. रुग्ण बरा झाला की ते संपते, आणि धंद्याचे लाकूडकाम त्याला पूर्वीच्याच हत्यारांनी करावे लागते.

खरे तर सुताराइतके सोपे कोणाचेच नाही. आपल्या हत्याराची मूठ तो पिढ्यान्‌पिढ्या स्वतः तासत आला आहे. हवा आहे तो एक थेरपिस्ट आणि एक मिस्त्री, एका बाकाशी, आणि समोर तो माणूस, त्याच्याच हाताचे माप देणारा. पैशांची वाटही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत सुतार आहे आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. थेरपिस्टच्या चिठ्ठीवर या रकमेतून मूठ, पट्टा, शिकंजा करून घेता यावा, अशी आमची मागणी आहे. दुसरी मागणी म्हाडाकडे. ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. त्यांत तळमजल्यावर, उंबरठा नसलेली एक खोली या कामासाठी राखून ठेवावी. आराखड्यात ती आत्ताच दाखवावी, ताबा देताना नव्हे.