पाणी हिरवं दिसलं, तर सुनेला बोल लावू नका

“ग्रहण पाळलं नाही, म्हणून बाळाने पोटातच शी केली.” बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आपल्या घरांतही बाळंतिणीला हे ऐकावं लागतं. नर्स असताना मी ते वॉर्डात ऐकलं, आता वस्तीत फिरताना ऐकते. धम्म आपल्याला कारण शोधायला शिकवतो. तेव्हा खरं कारण समजून घेऊ.

बाळाच्या आतड्यात जन्माआधीच चिकट, काळपट हिरवी शी साठलेली असते. तिला मेकोनियम म्हणतात. दिवस उलटून गेले किंवा बाळाला प्राणवायू कमी पडला, तर ती पोटातच होते आणि पाणमोटेतलं पाणी हिरवं होतं. शंभरातल्या साधारण दहा बाळंतपणांत असं घडतं. त्यातली बहुतेक बाळं ठणठणीत असतात. काहींच्या मात्र छातीत ते पाणी जातं.

फुफ्फुसात अगदी बारीक असंख्य फुगे असतात. ओल्या फुग्याच्या भिंती एकमेकींना चिकटतात, तसे हे फुगे श्वास सोडल्यावर मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक निसरडा थर असतो. त्याचं नाव सर्फॅक्टंट. मेकोनियममधलं पित्त आणि स्निग्ध आम्लं हा थर निकामी करतात. फुगे मिटू लागतात, शी बारीक नळ्यांत अडकते, फुफ्फुसाला सूज येते. मग बाळ भराभर श्वास घेतं, कण्हतं, नाकपुड्या फुलवतं, बरगड्यांखाली खड्डा पडतो, ओठ निळे होतात. जन्मताच रडलेलं बाळही काही तासांत असं दमू शकतं. त्याला प्राणवायू लागतो, कधी श्वासाचं मशीन, तर काही अत्यवस्थ बाळांना नळीतून बाहेरचं सर्फॅक्टंट. यातलं काहीच घरी होत नाही.

यात ग्रहण कुठे आलं? नजर कुठे आली? इथे प्रश्न वेळेचा आहे. आपलं पूर्णगड मुचकुंदीच्या मुखाशी, आणि जिल्हा रुग्णालय दूर रत्नागिरीत. “अजून कळा नाहीत, सकाळी बघू” म्हणत काढलेली रात्र बाळाला महागात पडते.

म्हणून माझं सांगणं असं. दिलेली तारीख उलटली की घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पाणमोट फुटली की पांढऱ्या फडक्यावर पाण्याचा रंग बघा, वेळ लिहून ठेवा. पाणी हिरवं असेल, तर कळा नसल्या तरी लगेच १०८ ला फोन करा. “पुढे न्या” असं सांगितलं, तर चिठ्ठी आणि गाडी मागून घ्या. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं आणि गाडी मोफत आहे. ती मागताना संकोच कसला? तो हक्क आहे.

याच जिल्ह्यातल्या वणंदच्या रमाईंनी आणि बाबासाहेबांनी चार लेकरं गमावली. त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेची बाजू मांडली आणि त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा असं ठणकावलं. त्यांचा फोटो ज्या भिंतीवर आहे, त्या भिंतीखाली बाळंतिणीला दोष देऊ नका. बोल लावायचाच तर उशीर करणाऱ्यांना लावा, मग ते घरातले असोत की दवाखान्यातले.

जयभीम.