आजी-आजोबा घरात, नातवंडं कॅम्पात

फेब्रुवारीत अंगणातला बर्फ काळवंडून कडेला पडलेला असतो आणि आपल्या मराठी घरांत उन्हाळा सुरू होतो. म्हणजे समर कॅम्पांची नोंदणी सुरू होते. रात्री बारा वाजता लॅपटॉप उघडून बसायचं, कारण सकाळपर्यंत जागा भरतात. मग एक्सेलचा तक्ता तयार होतो. जूनचा शेवटचा आठवडा रोबोटिक्स, जुलैचे पहिले दोन आठवडे कोडिंग, मग पोहणं, मग डिबेट, आणि ऑगस्टमध्ये पुढच्या इयत्तेचं गणित, आधीच. शेवटच्या आठवड्याचा एक चौकोन रिकामा राहिलेला दिसला की जीव कासावीस होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मैत्रिणीला फोन: "अगं, चौदा ऑगस्टच्या आठवड्याला तू काय केलंस?"

मार्चमध्ये त्याच घरात दुसरा तक्ता तयार होतो. आईबाबांची तिकिटं, मुंबईहून व्हीलचेअर, प्रवासाचा विमा, रक्तदाबाच्या सहा महिन्यांच्या गोळ्या. थंडी संपता संपता यायचं आणि दिवाळीच्या आत परत जायचं. हे दोन्ही तक्ते एकाच लॅपटॉपवर, एकाच माणसाने केलेले असतात. पण ते शेजारी शेजारी ठेवून कुणी बघत नाही. बघितलं तर लक्षात येईल की ज्या दहा आठवड्यांत मुलाला शाळा नाही, त्याच दहा आठवड्यांत आजी-आजोबा घरात आहेत, आणि नेमके तेच दहा आठवडे आपण पैसे भरून मुलाला घराबाहेर ठेवलं आहे.

आमच्या न्यू जर्सीत शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुटतात आणि बहुतेक ठिकाणी लेबर डे झाल्यावर भरतात. सकाळी आठला मुलगा टिफिन घेऊन बाहेर, तीनला कॅम्प सुटतो, मग पाच-साडेपाचपर्यंत 'एक्स्टेंडेड केअर', सहाला पोहायला, साडेसातला जेवण. आजोबा दिवसभर काय करतात? सकाळी ई-पेपर वाचतात. दहाला फुटपाथ जिथे संपतो तिथपर्यंत जाऊन परत येतात. गाडी चालवता येत नाही, बस नाही, आणि शेजारी दिसला तर हात हलवण्यापलीकडे बोलणं नाही. दुपारी मालिका. आजी चारदा विचारते, "आज तरी लवकर येणार का रे बाळ?" तिला 'बाळ'चं वेळापत्रक पाठ झालेलं असतं, तरी विचारते.

आता हिशेबच करायचा तर नीट करू. मूल साधारण सहा वर्षांचं झालं की आजीच्या गोष्टीत त्याला रस वाटू लागतो. सतराव्या वर्षी हातात गाडीची किल्ली आली की ते आपलं राहत नाही, आणि राहूही नये. मधले उन्हाळे दहा-अकरा. आईबाबा दर वर्षी येत नाहीत. एक वर्ष आड येतात, कधी तो उन्हाळा ताईकडे टेक्सासला जातो, कधी गुडघ्याचं ऑपरेशन असतं. आज जी मुलं बारा-चौदा वर्षांची आहेत त्यांचे तर 2020 आणि 2021 हे दोन उन्हाळे कोविडने नेले. 2021 च्या मे महिन्यात अमेरिकेने भारतातल्या पर्यटकांना दार बंद केलं ते नोव्हेंबरपर्यंत. 2022 साली नव्याने व्हिसा काढणाऱ्यांना मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीसाठी दोन वर्षांहून पुढची तारीख दाखवत होते. म्हणजे उरले चार, फार तर पाच उन्हाळे. त्यात सत्तरीनंतर विम्याचं कव्हर कमी आणि हप्ता जास्त, सोळा तासांचं विमान, आणि दर वेळी परत जाताना विमानतळावर न बोललेली एक गोष्ट. या चार-पाच उन्हाळ्यांतून आपण रोबोटिक्स वजा करत नाही, आजोबा वजा करतो.

आणि गंमत म्हणजे याच स्मरणिकेचे जुने अंक चाळा. मे महिना, आजोळ, माजघरात आडीत घातलेले आंबे, अंगणात गोधड्या टाकून मोजलेले तारे, मामाच्या गावच्या एस.टी.चा फुफाटा. दर वर्षी असे दोन-तीन लेख येतात. मला ते आवडतात, त्यावर माझा राग नाही. पण त्या मे महिन्यात आपल्याला कुणी काही शिकवत नव्हतं, हे त्या लेखांतच लिहिलेलं असतं! दुपारी मोठी माणसं झोपत आणि आपल्याला 'आवाज करू नका' एवढाच अभ्यासक्रम होता. त्या रिकाम्या दुपारींवर आपण इतकी वर्षं लेख लिहितो, आणि आपल्या मुलाला एक रिकामी दुपार द्यायला घाबरतो. आमची मुलं पुढे कशावर लेख लिहिणार? एक्स्टेंडेड केअरवर?

कुणी म्हणेल, ही अमेरिका आहे, इथे उन्हाळ्याची पद्धत वेगळी. इथली पद्धत तरी काय आहे ते बघू. अमेरिकेतली उन्हाळी सुट्टी शेतीच्या कामासाठी सुरू झाली असं आपण सगळे ऐकून असतो. ते बरोबर नाही. शेतकऱ्यांना मुलं हवी असायची ती पेरणीला आणि कापणीला, म्हणजे वसंतात आणि शरदात. खेड्यांतल्या शाळा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात भरत. एकोणिसाव्या शतकात मोठ्या शहरांतल्या शाळा जवळजवळ वर्षभर चालायच्या, पण शहरं उकाड्याने नकोशी व्हायची आणि ऐपत असलेली कुटुंबं मुलाबाळांसकट गाव सोडून समुद्रावर नाही तर डोंगरात जायची. वर्ग ओस पडायचे. मुलांच्या डोक्याला सतत अभ्यासाचा ताण बरा नव्हे, असंही तेव्हा शिक्षणखात्यातली माणसं म्हणत. हळूहळू सुट्टी पक्की झाली. म्हणजे ही सुट्टी जमली ती कुटुंबं एकत्र बाहेर पडत म्हणून. तिचं 'तिसरं सेमिस्टर' केलं ते आपण.

आपण म्हणजे आईवडील, आणि आपलाही उन्हाळा काही वेगळा नाही. डेकला स्टेन लावायचं, बेसमेंट पुरं करायचं, ऑक्टोबरमधल्या हाफ मॅरेथॉनसाठी पहाटे धावायचं, मागच्या अंगणात कारली-दुधीचा मांडव घालून हरणांपासून राखायचा. सगळ्यांचे प्रोजेक्ट. उरलेल्या शनिवार-रविवारांत आईबाबांना नायगारा, वॉशिंग्टन आणि स्वातंत्र्यदेवी दाखवून अमेरिका संपवायची. फोटो काढायचे. मग ऑगस्टमध्ये आई हळूच म्हणते, "तिकीट थोडं अलीकडचं मिळतं का बघ ना." आपल्याला वाटतं तिला तिथल्या घराची, कामवालीची काळजी लागली.

आता आक्षेप. पहिला आणि खरा: दोघंही नोकरीला असताना मुलांना कुठे ठेवायचं? मान्य. ज्यांच्याकडे त्या उन्हाळ्यात कुणी येणार नाही, त्यांनी कॅम्पाला घालावं, त्यात गैर काही नाही. सहा-सात वर्षांचं वांड पोर दिवसभर पंच्याहत्तरीच्या माणसांच्या गळ्यात घालावं असंही माझं म्हणणं नाही. आईबाबांना सहा महिन्यांचं बिनपगारी पाळणाघर करून टाकण्याचा प्रकार आपल्यात आहे, आणि तो याहून वाईट आहे. बाळंतपणाला बोलावलेल्या आजीची कंबर मोडते आणि आपण तिला 'नातवाचं सुख' म्हणतो. मी बोलते आहे ते दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांविषयी, ज्यांना राखावं लागत नाही. ते आजोबांना चहा करून देऊ शकतात, गरज पडली तर 911 फिरवू शकतात. आणि त्याहून लहानांसाठी अर्ध्या दिवसाचे कॅम्प असतात, तेही दहाच्या दहा आठवडे घ्यावेत असा कायदा नाही.

दुसरा आक्षेप, मुलं दिवसभर स्क्रीनला चिकटतील. चिकटतील. पहिला आठवडा फार वाईट जाईल. "आय अ‍ॅम बोर्ड" हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकावं लागेल आणि तुम्ही ऑफिसात बसून कॅम्पाची वेटिंग लिस्ट उघडाल. तिथे न डगमगणं एवढंच आपलं काम. वायफायचा पासवर्ड आपल्या हातात आहे. कंटाळलेलं मूल तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजोबांच्या खोलीत जाऊन बसतं, कारण घरात दुसरं कुणी नसतं. इतकी साधी गोष्ट आहे.

तिसरा आक्षेप कुणी मोठ्याने बोलत नाही, पण सगळा उन्हाळा त्याच्यावरच उभा आहे: कॉलेजचं काय? तर ऐका. हार्वर्डच्या प्रवेश विभागातल्याच मंडळींनी 2000 साली एक निबंध लिहिला, 'टाइम आउट ऑर बर्न आउट फॉर द नेक्स्ट जनरेशन'. मुलांचा उन्हाळा मुलांना परत द्या, तो आखीव कार्यक्रमांनी भरून टाकू नका, असा सल्ला त्यात आहे. 2016 साली हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागातून 'टर्निंग द टाइड' हा अहवाल आला. घरातल्या माणसांची जबाबदारी उचलणाऱ्या मुलांची कॉलेजांनी कदर करावी, असं त्यात मांडलं आहे आणि अनेक कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला आहे. कॉमन अ‍ॅप नावाच्या ज्या अर्जासाठी हा सगळा आटापिटा, त्यात उपक्रमांना जागा फक्त दहा, आणि त्यांच्या प्रकारांच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' हा प्रकार आहे. आता कृपा करून कुणी 'आजोबांशी पत्ते, आठवड्याला बारा तास' असं त्यात भरू नका. भराल, मला माहीत आहे. पण निदान कॅम्प नाही केला तर दारं बंद होतात ही भीती तरी सोडा.

चौथं म्हणणं आजी-आजोबांचंच असतं. "अगं जाऊ दे त्याला, शिकू दे. आमच्यापाशी बसून काय करणार?" हे ऐकून आपण सुटलो असं समजतो. त्या पिढीला स्वतःसाठी काही मागायची सवय नाही, आणि वर पुण्याला फोनवर "आमचा नातू रोबो करतो" असं सांगताना त्यांनाही बरं वाटतं. त्यांचं हे 'जाऊ दे' शब्दशः घेऊ नका.

आणि बसून काय करणार, याचं उत्तर अगदी साधं आहे. पाच-तीन-दोन खेळायला तीन माणसं लागतात: आजी, आजोबा आणि एक नातवंड. दहा-दहा पानं, कुणाला पाच हात करायचे, कुणाला तीन, कुणाला दोन. आजी झोपली तर दोघांत सात-आठ. या खेळात मुलगा पिसणं, वाटणं, उतारी, हुकूम, इस्पिक, किल्वर हे शब्द शिकतो, आणि मराठी शाळेतल्या वर्कशीटवर ते नाहीत. आजोबांच्या वडिलांनी त्यांच्याकडून पावकी, निमकी, दिडकी, औटकी पाठ करून घेतली असेल, तर औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे ऐकून ऑगस्टच्या गणिताच्या क्लासला जाणारं पोर चाट पडतं. गणपती ऑगस्टच्या शेवटी नाहीतर सप्टेंबरात येतात. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडायला दोन तासांच्या 'वर्कशॉप'मध्ये येत नाही, चार-पाच घाणे बिघडवावे लागतात. तेवढा वेळ जुलैतच असतो. आणि आजोबांची पहिली नोकरी, आजीचं लग्नाआधीचं आडनाव, पानशेतचं धरण फुटलं तेव्हा घरातली माणसं कुठे होती, हे प्रश्न कुणी नेमून दिले म्हणून विचारले जात नाहीत. पत्ते खेळता खेळता, तिसऱ्या डावाला, आपोआप निघतात.

मराठीही तशीच. आपल्या मराठी शाळा इथल्या शाळांबरोबर जूनमध्ये बंद होतात. वर्षभर रविवारी दीड तास मुलांना 'क'ला काना शिकवायचा, आणि ज्या दिवसांत अस्सल मराठी बोलणारी दोन माणसं घरात चोवीस तास असतात, त्या दिवसांत सुट्टी! वर त्या माणसांनीच नातवाशी इंग्रजीत बोलावं म्हणून आपण त्यांना 'वॉटर म्हणा हो, पाणी कळत नाही त्याला' असं शिकवतो. गणेशोत्सवाच्या नाचाच्या तालमी मात्र जुलैपासून जोरात असतात, रोमन लिपीत लिहून दिलेल्या मराठी गाण्यावर.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीकडे एक मागणी. उन्हाळ्यात नवा कॅम्प काढू नका. तसा प्रस्ताव येतो आहे असं कानावर आहे, 'मराठी संस्कृती समर कॅम्प', पाच दिवस, टी-शर्टसह. त्याऐवजी जुलैमध्ये दर बुधवारी सकाळी लायब्ररीतली खोली तीन तास घ्या. बऱ्याच गावांत ती फुकट नाहीतर नाममात्र भाड्यात मिळते. गाडी असलेल्या चार जणांनी आळीपाळीने आजी-आजोबांना आणि मुलांना तिथे पोचवावं आणि स्वतः निघून जावं. कार्यक्रम ठेवू नका, सूत्रसंचालन नको, प्रमुख पाहुणे नकोत. चहा आणि पत्त्यांचे सात-आठ कॅट पुरेत. पाच-तीन-दोनसाठी दुर्री ते छक्की आधीच काढून ठेवा, आणि सत्त्या दोनच राहू द्या.