यतीमाचा पैसा आणि फूफीचे उत्पन्न



मागच्या महिन्यात आम्ही सेलूला गेलो होतो. परभणीचे सेलू नव्हे, आपल्या वर्धा जिल्ह्यातले. तिथे एका बहिणीच्या घरी चहा झाला. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, बाजूला पिको-फॉलच्या साड्यांचा गठ्ठा, आणि दाराशी दप्तर टाकून बसलेली दोन मुले. मुलगा बारा वर्षांचा, मुलगी नऊची. ही तिच्या मरहूम भावाची मुले. त्यांची अम्मीही नाही. फूफी स्वतः बेवा आहे, तिला मूलबाळ नाही. भावाचे चाळीसवे झाले आणि तिने दोघांना घरी आणले. कुणी सांगावे लागले नाही.

चहा पिताना तिने एक कागद पुढे केला. "भाईजान, पोरायचा पैसा आला अन् माझाच बंद व्हायची पाळी आली. मी काय खाऊन रायली का यायचा पैसा?"

तो कागद होता उत्पन्नाच्या दाखल्यासाठी भरलेल्या अर्जाची प्रत. शिलाईचे महिन्याला साधारण १,७०० रुपये, म्हणजे वर्षाला २०,४०० रुपये. त्याच्याखाली कुणीतरी, अर्ज भरून देणाऱ्या माणसाने म्हणा, दोन्ही मुलांना मिळणारे सरकारी अनुदान मिळवले होते आणि एकच बेरीज मांडली होती: ७४,४०० रुपये. या एका बेरजेने काय होते, ते आज नीट समजून घेऊ. सेलूसारखी घरे आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

अनुदान कोणते? महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना. आता तिच्या नावापुढे क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडले आहे. आईबाप नसलेले किंवा एकच पालक उरलेले मूल अनाथालयात न जाता घरात वाढावे, म्हणून अठरा वर्षांपर्यंत दरमहा मदत मिळते. आधी ती ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली आणि २०२३ पासून २,२५० रुपये. दोन मुलांचे वर्षाचे ५४,००० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये दरमहा ४,००० रुपये मिळतात, पण एकाच मुलासाठी दोन्ही घेता येत नाहीत.

आता बेरीज पाहा. संजय गांधी निराधार योजनेत या फूफीला दरमहा १,५०० रुपये मिळतात, वर्षाचे १८,०००. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. शिलाईचे २०,४०० त्या मर्यादेच्या आत बसतात. ७४,४०० बसत नाहीत. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरी भागात ५९,००० रुपये. ७४,४०० तिथेही बाहेर. म्हणजे भावाची मुले घरात घेतली, त्यांच्या दुधा-दप्तरासाठी पैसा आला, आणि तो तिच्या कमाईत धरला तर तिची पेन्शन आणि घरातले धान्य दोन्ही धोक्यात.

आपल्याकडे कुणी विचारतो, या पैशावर इन्कम टॅक्स लागेल का? नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. सेलूच्या शिलाईवाल्या बहिणीला ती चिंता नको. गरिबाला कर लागत नाही, मर्यादा लागते. श्रीमंताचे उत्पन्न हजाराने वाढले तर त्या हजारातला काही भाग जातो. गरिबाचे मर्यादेच्या वर एक रुपयाने गेले तर वर्षाचे १८,००० जातात.

मग हा पैसा फूफीचा आहे का? आपल्या दीनने याचा जबाब फार आधी दिला आहे. सूरह निसाच्या सहाव्या आयतीत यतीमाच्या मालाचा हुकूम आहे. जो पालक खुशहाल आहे त्याने त्या मालापासून दूर राहावे, जो मोहताज आहे त्याने रीतसर, गरजेपुरते घ्यावे, आणि मूल समजूतदार झाले की माल त्याच्या हवाली करताना साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. म्हणजे माल यतीमाचा, पालक अमानतदार. योजनेचा कागदही हेच सांगतो: मंजुरी मुलाच्या नावाने, मुलाच्या संगोपनासाठी. फूफीला हा पगार नाही आणि तिच्या दुकानाचा गल्लाही नाही.

अडचण अशी की दीनमध्ये जे वेगळे आहे, ते अर्जात एका आकड्यात मिसळते. ब्रिटनमध्ये परक्याचे मूल सांभाळणाऱ्यांना करासाठी स्वयंरोजगार करणारे मानतात, आणि एप्रिल २०२३ पासून घरामागे वर्षाला १८,१४० पौंड, शिवाय प्रत्येक मुलामागे दर आठवड्याला ठराविक रक्कम करमुक्त धरली. गरजूंना मिळणाऱ्या मुख्य सरकारी मदतीचा हिशेब करतानाही हा पैसा कमाईत धरत नाहीत. तिथे तो वेगळा ठेवण्याचे काम कायदा करतो. आपल्याकडे ते काम कागद जपून आपल्यालाच करावे लागते. म्हणून सेलूच्या बहिणीला जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

पहिले, मुलाचा कागद करा. आपल्यात चाचा, मामू, नानी वर्षानुवर्षे मुले सांभाळतात आणि कुठेच नोंद नसते. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीच्या आदेशाशिवाय अनुदान नाही. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात, सेलूकरांसाठी वर्ध्याला. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, मुलाचे आधार, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. घर पाहायला माणूस येतो, त्याला घाबरू नका. हे दत्तक नाही. मुलाच्या नावापुढे त्याच्या बापाचेच नाव राहते.

दुसरे, खाते मुलाच्या नावाचे ठेवा, तुम्ही त्यावर फक्त पालक. अनुदान कधी महिनोन्‌महिने थांबते आणि मग एकदम जमा होते. तुमच्या पासबुकात अचानक २७,००० दिसले तर पाहणारा ती तुमची कमाईच समजणार. लाडकी बहीण योजनेतही अट आहे की दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त घेणारी बहीण अपात्र. म्हणून निराधारचे पैसे घेणारीला ते मिळत नाहीत. पण मुलाचे अनुदान तुमच्या खात्यात पडत असेल, तर तुम्ही न घेतलेला पैसाही तुमच्या नावावर चढतो.

तिसरे, अर्जात काही लपवू नका आणि काही मिसळूही नका. दोन ओळी लिहा. 'माझे शिलाईचे उत्पन्न इतके.' 'अमुक मुलांच्या नावे मंजूर संगोपन अनुदान इतके, आदेशाची प्रत सोबत.' टेबलावर कुणी तोंडी नाही म्हटले तर नम्रपणे म्हणा, "साहेब, लेखी द्या." लेखी मिळाले तर वरच्या अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

चौथे, धंद्याचा हिशेब धंद्यापुरता. शिलाईसाठी मुद्राच्या शिशु गटातून ५० हजारांपर्यंत कर्ज मागायचे असो की उद्यम नोंदणी करायची असो, उलाढाल शिलाईचीच सांगा. मुलांच्या पैशावर हप्ते फेडण्याचा वायदा करू नका. ती अमानत आहे.

पाचवे, मुलांची नावे रेशनकार्डात चढवा. प्राधान्य कुटुंबात माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. दोन मुलांचे दहा किलो कशाला सोडायचे?

आणि एक साधी वही ठेवा. फी, चप्पल, डॉक्टर, ईदचे कपडे, जे मुलांच्या पैशातून झाले ते तारखेसह. सरकारने विचारले तर वही दाखवता येते. मुले मोठी होऊन विचारतील तेव्हाही. आणि ज्या दिवशी अल्लाह विचारेल, त्या दिवशी मन हलके असेल.

आम्ही निघताना फूफीने मुलीच्या जुन्या वहीची कोरी पाने फाडून दोऱ्याने शिवली. पहिल्या पानावर मुलाने सुवाच्य अक्षरात दोघांची नावे लिहिली, बापाच्या नावासकट. दुसऱ्या दिवशी ती नवा अर्ज आणि आदेशाची प्रत घेऊन जाणार होती. अल्लाह तिचे काम आसान करो, आणि यतीमाला पोटाशी धरणाऱ्या प्रत्येक घरात बरकत देवो. आमीन.