पायाचा फोटू कशापायी?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या एका मावशींना घेऊन आम्ही सरकारी इस्पितळात गेलो होतो. मावशींनी साठी ओलांडली आहे. जन्मभर चार घरची धुणीभांडी करून त्यांनी संसार ओढला. साखरेचा आजार जुना. तळव्याला टाचेजवळ जखम झाली होती आणि ती दोन महिने भरत नव्हती. सकाळी सातला केसपेपरच्या रांगेत उभे राहिलो, तेव्हा कुठे साडेअकराला नंबर लागला. डॉक्टरांनी पट्टी सोडून जखम पाहिली. तेवढ्यात बाजूला उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरने खिशातून मोबाईल काढला आणि एक शब्दही न बोलता पायाचा फोटो घेतला.

फोटो पायाचा होता. पण मावशींनी पदर ओढला तो तोंडावर.

बाहेर बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या पायाचा फोटू त्यानं कशापायी काढला? आता कुठं दाखवत फिरंल त्यो?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. चार बुके शिकलेला माणूस सोबत असावा म्हणून मावशींनी आम्हांला नेले होते, आणि आम्ही मात्र तिथे मुकाट उभे राहिलो होतो. त्याची लाज वाटली. म्हणून पुढच्या खेपेला आम्ही विचारले, काही वाचले, जाणत्यांशी बोललो. मावशींना जे सांगितले तेच आज आमच्या वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवतो. कारण हा प्रश्न एकट्या मावशींचा नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे दुखणे सरकारी इस्पितळातच निघते, आणि तिथे आता कॅमेरा नाही असा वॉर्ड उरलेला नाही.

आधी कॅमेऱ्याची चांगली बाजू सांगितली पाहिजे. जखम भरते आहे की चिघळते आहे, हे कसे ठरवायचे? आज एक डॉक्टर पाहतो, पुढच्या मंगळवारी दुसरा. पहिल्याने केसपेपरवर काय खरडले ते दुसऱ्याला लागतेच असे नाही. पण प्रत्येक खेपेला त्याच अंतरावरून, तशाच उजेडात, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून आणि तारीख टाकून फोटो काढला, तर दोन फोटो शेजारी ठेवताच खरे काय ते दिसते. असा फोटो म्हणजे उपचाराची नोंदच असते. भाजलेले, अपघाताचे, त्वचेच्या रोगाचे रुग्ण यांच्या बाबतीत असेच असते.

आपण 'छातीचा फोटो' म्हणतो तो एक्स-रे हाही या घराण्यातलाच. जर्मनीतील शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सापडले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो घेतला; त्यात हाडे दिसली आणि बोटातली अंगठीही दिसली. या शोधाचे पेटंट त्यांनी घेतले नाही. सगळ्या जगाला तो वापरता यावा, ही त्यांची भावना होती. १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच मिळाले.

पण आपल्या घरात या फिल्मची काय गत होते? दुखणे बरे झाले की ती पत्र्याच्या फटीला लागते, नाहीतर मुले ती डोळ्यांवर धरून सूर्यग्रहण पाहतात. (ते तर मुळीच करू देऊ नका, डोळे कायमचे जातात.) बापहो, जुनी फिल्म फार मोलाची असते. एखाद्याला पूर्वी टी.बी. होऊन गेलेला असतो, फुप्फुसावर त्याचा वण राहिलेला असतो. पाच वर्षांनी खोकला झाला की नव्या फोटोत डाग दिसतो. तो जुना वण की नवा रोग, हे जुना फोटो शेजारी धरला तर लवकर उलगडते. म्हणून घरातल्या प्रत्येक माणसाची एक पिशवी करा. फिल्म, रिपोर्ट, केसपेपर तारखेप्रमाणे लावा. फिल्मला घडी घालू नका, ओल लागू देऊ नका. आता पुष्कळ ठिकाणी फिल्मऐवजी मोबाईलवर चित्र पाठवतात. ते आले की दुसऱ्या फोनवरही ठेवा, कारण फोन हरवतो, बिघडतो, विकलाही जातो.

आता व्हिडिओकडे वळू. पोटात बारीक छिद्रे पाडून, त्यातून कॅमेरा आत घालून, समोरच्या पडद्यावर पाहत शस्त्रक्रिया करतात, तिला आपल्याकडे 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात. ही गोष्ट श्रीमंतांच्या नर्सिंग होममधून आपल्यापर्यंत आली, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पित्ताशयाचे असे देशातले पहिले ऑपरेशन डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केले, म्हणजे सरकारी इस्पितळात. त्याच्या आधी १९७२ पासूनच ते पोटाचा आजार ओळखण्यासाठी दुर्बीण वापरत होते. लहान छेदाचा खरा फायदा हातावर पोट असलेल्याला होतो, असा त्यांचा आग्रह असे. तो खराच आहे. साहेबाला पगारी रजा असते. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गड्याचा एक दिवस बुडाला की एक दिवसाची चूल बुडते. तो चार दिवस आधी कामावर गेला, तर तेवढे चार दिवस घर खाते.

व्हिडिओचे दुसरे काम तुमच्या-आमच्या हातातले आहे. लेकराला झटके येतात. इस्पितळात पोचेपर्यंत झटका थांबलेला असतो, पोर झोपलेले असते. डॉक्टर विचारतात, "नेमके काय झाले?" आई रडते, आजी वेगळे सांगते, शेजारीण तिसरेच. अशा वेळी मोबाईलवरची एका मिनिटाची फीत शंभर शब्दांपेक्षा अधिक सांगते. पण क्रम चुकवू नका. आधी लेकराला कुशीवर वळवा, आजूबाजूची भांडी, दगड, स्टोव्ह दूर करा, गळ्याचे कपडे सैल करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. चप्पल नको, कांदाही नको. घड्याळ पाहा. मग घरातल्या दुसऱ्या कोणीतरी फीत घ्यावी; चेहरा, डोळे आणि दोन्ही हातपाय दिसतील अशी. झटका पाच मिनिटांवर गेला तर फीत-बीत सोडा आणि तडक इस्पितळ गाठा. लहान बाळाला धाप लागते, बरगड्या आत ओढल्या जातात, तेव्हाही हेच. फोनने डॉक्टरला मदत होते, पण फोन काही डॉक्टर नव्हे.

तिसरी गोष्ट रचनेची. इंग्रजीत तिला डिझाईन म्हणतात. शब्द मोठा वाटतो, पण वस्तू आपल्या ओळखीची आहे. जुन्या लोकांना दवाखान्यातली मिक्श्चरची बाटली आठवत असेल. कंपाउंडर तिच्यावर कागदाची खाचा पाडलेली पट्टी चिकटवायचा. एक खाच म्हणजे एक डोस. अक्षराची ओळख नसलेली आजीसुद्धा औषध चुकत नसे. बाटलीवरची ती पट्टी म्हणजेच डिझाईन.

कुष्ठरोगाच्या गोळ्यांचे पाकीट पाहा. अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या एकाच पाकिटात; महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यासमोर घ्यायच्या त्या एकीकडे, रोजच्या एकीकडे. कुठली गोळी राहिली ते पाहताच कळते. १९९५ पासून ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेमार्फत जगभर विनामूल्य मिळतात. ज्या रोगाने माणसाला गावकुसाबाहेर काढले, तो रोग या साध्या पाकिटाने घरात राहून बरा होऊ लागला. तसेच, काही गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. प्रतिजैविके, म्हणजे अँटिबायोटिक्स, ओळखू यावीत म्हणून २०१६ साली केंद्र सरकारने या लाल रेघेची मोहीम काढली. ती रेघ दिसली की समजा, हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही आणि सांगितलेल्या दिवसांआधी सोडायचे नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला रेघ तर दिसते ना?

पण चित्रे नेहमी सगळ्यांसाठी सारखी काढलेली नसतात, हेही सांगायला हवे. डॉक्टरकीच्या पुस्तकांतली त्वचारोगांची चित्रे वर्षानुवर्षे बहुतांशी गोऱ्या कातडीची आहेत. 'पुरळ लाल दिसते', 'ओठ निळे पडतात' असे पुस्तक सांगते. सावळ्या-काळ्या अंगावर लाली तशी दिसतच नाही. लंडनमधील मलोन मुकवेंडे नावाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या हे ध्यानात आले. त्याने आपल्या शिक्षकांना बरोबर घेऊन काळ्या-सावळ्या त्वचेवर आजार कसे दिसतात, याची एक पुस्तिका २०२० साली काढली. त्याच वर्षी अमेरिकेतील एका अभ्यासातून दिसले की बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्रही कृष्णवर्णीयांच्या बाबतीत चुकते. प्राणवायू कमी असूनही यंत्राने तो ठीक दाखवावा, असे गोऱ्यांपेक्षा जवळजवळ तिपटीने अधिक घडत होते. आपल्या घरात उन्हातान्हात राबून रापलेली माणसे आहेत. म्हणून ध्यानात ठेवा: रक्त कमी आहे का ते खालच्या पापणीच्या आत आणि जिभेवर पाहा. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्यात पाहा. निळेपणा जिभेवर आणि ओठांच्या आतल्या बाजूला पाहा. सूज आली असेल तर रंगावर जाऊ नका, हात लावून पाहा. जागा गरम आणि टणक लागते. आणि यंत्राचा आकडा चांगला असूनही माणूस धापा टाकत असेल, तर आकड्यापेक्षा माणसावर विश्वास ठेवा.

आता मावशींच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. फोटो काढला तो उपयोगाचाच होता. मग चूक कुठे झाली? चूक विचारण्यात झाली. म्हणजे न विचारण्यात. गरिबाने सरकारी दवाखान्यात पाऊल ठेवले की त्याचे अंग जणू सरकारजमा झाले, असे पुष्कळांना वाटते. तसा कायदा नाही. डॉक्टरांच्या आचाराची २००२ ची नियमावली सांगते की ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचा फोटो त्याच्या परवानगीशिवाय कुठल्याही नियतकालिकात छापायचा नाही. तीच नियमावली सांगते की भरती झालेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जपून ठेवायची आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांच्या आत द्यायची. ही मेहेरबानी नव्हे, तो आपला हक्क आहे.

तेव्हा कोणी कॅमेरा काढला तर भांडायचे नाही आणि घाबरायचेही नाही. तीन प्रश्न विचारायचे. साहेब, हा फोटो कशासाठी? कोणकोण पाहणार? माझे तोंड आणि नाव त्यात येणार का? उत्तर पटले तर हो म्हणा. आपल्या जखमेच्या फोटोवरून उद्याचा डॉक्टर शिकणार असेल, तर ते दानच आहे. पटले नाही तर नाही म्हणा. फोटोला नाही म्हटले म्हणून कोणी उपचाराला नाही म्हणू शकत नाही.

मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्याकडेही पाहू या. आजाऱ्याला भेटायला गेलो की नळ्या लावलेल्या माणसाचा फोटो काढून आपण भावकीच्या ग्रुपवर टाकतो. त्याला ते चालते का, हे कोण विचारते? आणि जयंतीला आपली मंडळे इस्पितळात फळे वाटायला जातात. हेतू उत्तम. पण आजाऱ्याच्या हातात दोन केळी द्यायची, चौघांनी त्याच्याभोवती उभे राहायचे आणि फोटो काढायचा, ही रीत आपणच पाडली आहे. त्या खाटेवरचा माणूस कोणाचा तरी बाप असतो. त्याच्या अंगावर धड सदरा नसतो. आम्हीही अशा फोटोंत मागच्या रांगेत उभे राहिलो आहोत. आता राहणार नाही. फळे द्यावीत, दोन शब्द बोलावेत, आणि फोटो काढायचाच असेल तर टोपलीचा काढावा. स्वाभिमानाची गोष्ट आपण इतरांना सांगतो. ती खाटेवरच्या माणसालाही लागू आहे.

पुढच्या मंगळवारी आम्ही मावशींबरोबर पुन्हा गेलो. तोच शिकाऊ डॉक्टर होता. आम्ही बोलायच्या आधी मावशीच म्हणाल्या, "बाळा, फोटू काढायचा तर काढ, पन आधी सांग कशाला." पोरगा वरमला. वयाने आमच्या मुलाएवढाच. "चुकलं आजी," म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसून त्याने सगळे समजावून सांगितले. मग मोबाईलवर दोन्ही फोटो शेजारी धरून मावशींना दाखवले. पहिल्यात जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती, दुसऱ्यात चिंचोक्याएवढी.

मावशी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिल्या. दोन महिने जखम त्यांच्याच पायाला होती, पण तळव्याला असल्याने त्यांनी स्वतः ती कधी नीट पाहिलीच नव्हती.

घरी येताना त्यांनी बाजारातून वीस रुपयांचा आरसा घेतला. रोज रात्री पाय धुऊन त्या त्यात तळवा पाहतात. ज्यांना साखरेचा आजार आहे, त्या सगळ्यांनी असा एक आरसा घरात ठेवावा, एवढे सांगून आजचे पुरे करतो.